कोटितीर्थाचे चित्रकार अबालाल रहिमान

यंदाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने एका थोर व्यक्तीची ओळख करून द्यावी असे मंडळाच्या सभेत ठरले, तेव्हा जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे पटापट वाटली गेली. लोकमान्य तर आपल्या रत्नागिरीचेच, त्यांच्यासाठी दोघी-तिघींनी हात वर केले. माझी पाळी आली तेव्हा मी अबालाल रहिमान असे नाव सांगितले. सभेत क्षणभर कोणीच काही बोलेना. मग शेजारच्या वहिनींनी हळूच विचारले, की हे कोणी गवई होते काय. त्यांचा काही दोष नाही. लग्न होऊन मी घाट उतरून इकडे आले तेव्हापासून मीही हे नाव इकडे कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. पण कोल्हापुरात हे नाव निघाले की जुनी माणसे अजून कानाची पाळी धरतात. म्हणून म्हटले, या थोर माणसाविषयी आपण चार शब्द लिहावेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चित्रकलेतले मला फार कळते असे नाही. तेव्हा माझ्या या लिहिण्यात काही उणे-अधिक झाले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

माझे माहेर कोल्हापूरचे. आमचे आजोबा शाहू मिलमध्ये कामाला होते. मिलच्या शेजारीच कोटितीर्थ नावाचा तलाव आहे आणि काठी महादेवाचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी आजोबा आम्हा नातवंडांना तेथे दर्शनाला नेत. दर्शन झाले की पायरीवर बसवून फुटाणे देत आणि पाण्याकडे बोट दाखवून सांगत, की या तलावात देवाने पाणी भरले आणि अबालालांनी चित्रे भरली. आम्हाला ते खरेच वाटे. मी पायरीवर वाकून वाकून पाण्यात चित्रे शोधीत असे. दिसत असे ते माझेच तोंड आणि मागचे झाड. पुढे मोठेपणी त्या बोलण्याचा अर्थ कळला. तो काय, ते ओघाने येईलच.

आपल्याकडे जसा समुद्र आणि खाडी, तसे कोल्हापूरला तलाव. आज तेथे गेलेल्यांना एक रंकाळाच ठाऊक असतो. पण पूर्वी ते तळ्यांचेच गाव होते. आज जेथे कपिलतीर्थाची भाजी मंडई भरते आणि जेथे गांधी मैदानावर सभा होतात, तेथे एके काळी पाणी होते. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती आणि महालक्ष्मीच्या देवळाचा दगड तेथूनच काढला, असे म्हणतात. पाणी ओसरले की तेथला संध्यामठ वर येतो आणि पावसाळ्यात पुन्हा पाण्यात बसतो. अशा गावात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी भरून राहावे यात नवल नाही.

अबालालांचा जन्म 1860 च्या सुमारास कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळचे नाव अब्दुल अझीझ. घराणे विद्येचे. कुराणाच्या प्रती हाताने लिहिणे आणि पानांच्या कडा वेलबुट्टीने सजवणे हे घरात चालत आलेले काम होते. हे काम किती नाजूक असते हे आपण बायकांनी तरी ओळखावे. पैठणीच्या काठावर एक धागा चुकला तर डोळ्यांत भरतो. तेथे तर देवाचा शब्द, म्हणजे चुकून चालायचेच नाही. लहान मूल जसे आईच्या शेजारी बसून पोळीचा गोळा फिरवायला शिकते, तसे अबालाल घरच्या माणसांच्या शेजारी बसून लेखणी आणि कुंचला धरायला शिकले. अरबी आणि फारसी भाषाही त्यांना घरातूनच मिळाल्या.

त्या काळी कोल्हापुरात इंग्रज सरकारचा रेसिडेंट असे. त्या साहेबाच्या मडमेच्या नजरेस या मुलाची चित्रे पडली. तिला हा हात सामान्य नाही हे उमजले. तिच्या शिफारशीने अबालाल मुंबईला सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत गेले. म्हणजे या थोर कलावंताची पहिली पारख एका बाईने केली, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. आपल्या आळीतला एखादा पोर भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढू लागला तर आपण आधी त्याच्या पाठीत धपाटा घालतो. धपाटा घालण्यापूर्वी एकदा ती रेघोटी पाहावी, एवढे तरी या गोष्टीवरून शिकावे.

ही कलाशाळा 1857 साली निघालेली. अबालाल तेथे होते त्या वेळी ग्रिफिथ्स नावाचे साहेब तेथे मुख्य होते. या ग्रिफिथ्स साहेबांनी शाळेच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून 1872 पासून तेरा वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करवून घेतल्या. त्या विलायतेला पाठवल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा 1885 साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत जळून गेल्या. ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्या मनात आले, की अबालाल त्या वेळी तेथेच शिकत होते. एवढ्या माणसांच्या एवढ्या वर्षांच्या मेहनतीची एका दिवसात राख झाल्याची वार्ता त्या तरुण विद्यार्थ्याच्या कानी गेली असेल, तेव्हा त्याला काय वाटले असेल?

अबालालांनी शाळेत नाव काढले. नुसत्या पेन्सिलीने माणसाच्या अंगाची गोलाई आणि कापडाची चुणी ते अशी उठवीत, की शिकवणारेही थक्क होत. 1888 साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. हिंदुस्थानातल्या मुलाला हा केवढा मोठा मान! त्या पदकाच्या जोरावर मुंबईत राहून संस्थानिकांच्या आणि शेठसावकारांच्या तसबिरी काढल्या असत्या, तर पैसा दाराशी चालून आला असता. पण पदक घेऊन हे गृहस्थ परत आपल्या गावी आले, ते कायमचेच.

1894 साली शाहू महाराज गादीवर आले. महाराजांची दृष्टी कशी होती हे मी सांगायला नको. त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली, राधानगरीला धरण बांधायला घेतले, अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई दरबारी ठेवला आणि 1912 साली खासबागेत कुस्तीचे मैदान बांधले. अबालालांनाही त्यांनी दरबारचे चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराज शिकारीचे मोठे शौकीन. तेव्हा शिकारीची, हत्तींची आणि रानातल्या जनावरांची चित्रेही अबालालांनी काढली. पण त्यांचा जीव रमला तो पाण्याच्या काठी.

गावाच्या गजबजाटापासून दूर कोटितीर्थाच्या बाजूला ते एकटेच राहू लागले. राहणी फकिरासारखी. अंगावर काय आहे आणि पानात काय आहे याची फिकीर नाही. सकाळी उठावे, कागद घ्यावा आणि तळ्याच्या काठी बसावे. कधी रंकाळा, कधी पंचगंगा, पण फिरून फिरून कोटितीर्थ. रंगही ते झाडपाला, माती, दगड यांपासून पुष्कळदा स्वतःच तयार करीत, असे सांगतात. आपल्या आज्या हळदीत चुना घालून कुंकू करीत, पारिजातकाच्या देठांचा केशरी रंग काढीत, तशातलाच हा प्रकार.

आता कोणी विचारील, की एकच तळे रोज काय काढायचे? मीही पूर्वी असेच म्हटले असते. पण आपल्या मांडवीला संध्याकाळी बसणाऱ्या बायकांनी आठवून पाहावे. भाद्रपदातला समुद्र आणि माघातला समुद्र एक असतो काय? सकाळी भाट्याच्या खाडीचे पाणी वेगळे आणि दिवेलागणीला वेगळे. अबालाल हेच पाहत. पहाटेचे धुके, दुपारचे पांढरे ऊन, मावळतीचा पाण्यावर सांडलेला लाल रंग, पावसाची पहिली सर. वस्तूभोवती रेघ ओढून ती भरण्यापेक्षा ते रंगाचे लहान लहान ठिपके आणि फटकारे मारीत. जवळून पाहिले तर नुसते डाग, आणि चार पावले मागे सरले की झाडाची सावली पाण्यात हलते आहे असे वाटावे. रांगोळीच्या ठिपक्यांचे असेच असते. वाकून बसलेलीला ठिपके दिसतात आणि उंबऱ्यात उभी असते तिला कमळ दिसते.

माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या पुस्तकात मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचा धडा होता. तिचा अभ्यास घेताना मी तो वाचला आणि मला अबालालांचीच आठवण झाली. मोनेसाहेब 1840 साली जन्मले आणि 1926 साली वारले, म्हणजे दोघे एकाच काळातले म्हणायला हरकत नाही. त्यांनी आपल्या बागेत एक तळे केले होते आणि त्यातली कमळे ते वर्षानुवर्षे काढीत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, 1927 साली, पॅरिसमध्ये त्यांची ती प्रचंड चित्रे खास बांधलेल्या दोन लांबट गोल दालनांत लावली गेली. जगभरची माणसे आज ती पाहायला जातात. एका तळ्याची चित्रे अशी दालनात गेली. दुसऱ्या तळ्याच्या चित्रांचे काय झाले ते आता सांगते.

पण त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चित्र दोन प्रकारचे असते. एक छापाचे. चित्रकार लाकडाच्या फळीवर उलटे चित्र कोरतो, नको तो भाग खणून काढतो, उरलेल्या उंच भागाला शाई लावतो आणि कागद दाबतो. आपल्या मोदकाचा साचा किंवा चादरीवर फुले उठवायचा ठसा असतो ना, तसेच. साचा एक आणि मोदक एकवीस. जपानात अशा लाकडी ठशांवरून तळ्यांची, डोंगरांची, पावसाची सुंदर चित्रे छापीत, आणि ती गोरगरिबांच्या घरीही असत. आपल्याकडे राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. तेथे दगडावरून रंगीत चित्रे छापीत. त्यामुळे त्यांची लक्ष्मी आणि सरस्वती घरोघरच्या देवघरांत जाऊन बसली. एका घरची तसबीर फुटली तरी दुसऱ्या घरी ती असतेच. अबालालांचे तसे नव्हते. त्यांनी ठसा केला नाही, छाप काढले नाहीत. कागदावर पाण्याचे रंग, आणि ते चित्र जगात एकच. ते गेले की गेले.

6 मे 1922 रोजी शाहू महाराज मुंबईत वारले. सारे कोल्हापूर पोरके झाले. अल्लादियाखाँसाहेब पुढे कोल्हापूर सोडून मुंबईला गेले. अबालाल कोठे गेले नाहीत. ते कोटितीर्थावरच राहिले. पण महाराज गेल्याची बातमी कळली तेव्हा त्यांनी आपल्या झोपडीतली चित्रे उचलून उचलून तळ्यात टाकली, असे कोल्हापुरात सांगतात. थोडीथोडकी नव्हे, हजारोंनी. ज्याने चित्र ओळखावे तोच राहिला नाही, तर ही ठेवायची कोणासाठी, असे त्यांना झाले असेल. गणपती आपण ज्या पाण्याच्या मातीचा करतो त्याच पाण्यात सोडतो, तसे त्यांनी पाण्यातून काढलेले पाण्याला देऊन टाकले. आजोबा पायरीवर बसून सांगत ती गोष्ट हीच.

लहानपणी मला ही गोष्ट फार सुंदर वाटे. संसाराला लागल्यावर मात्र मला त्यात दुसरेच काही दिसू लागले. घरात आणखी कोणी असते तर? एखादी बहीण, भावजय, शेजारीण, जिने हात धरला असता, किंवा निदान चार कागद पदराखाली लपवून ठेवले असते? दुःखाच्या भरात माणूस काय करील याचा नेम नसतो. तो भर ओसरेपर्यंत वस्तू सांभाळायला कोणी तरी लागते. घरोघरी हे काम बहुधा बायकाच करतात. त्या झोपडीत ते करायला कोणी नव्हते.

पुढची नऊ वर्षे त्यांनी तशीच काढली. 28 डिसेंबर 1931 रोजी अबालाल पैगंबरवासी झाले. जवळ धन नव्हते. पण त्यांच्या हातून कोल्हापूरला जे मिळाले ते मोठे होते. त्यांच्या वाटेने पुढे अनेक चित्रकार गेले. 1890 साली जन्मलेले बाबूराव पेंटर त्यांना फार मानीत. त्याच बाबूरावांनी पुढे घरच्या घरी कॅमेरा तयार करून चित्रपट काढले, आणि व्ही. शांताराम त्यांच्याच कंपनीत शिकून मोठे झाले. कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात. त्या कलापुराचा पहिला उंबरा ओलांडायचा तर तो अबालालांच्या झोपडीचा. उरलेली काही चित्रे जाणत्यांनी जपली. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात ती पाहायला मिळतात. माहेरी गेले की मी मुलीला घेऊन तेथे एक फेरी मारते. ती चित्रासमोर उभी राहते आणि मी चार पावले मागे.

हे सारे मी येथे रत्नागिरीत बसून का लिहिते आहे, असे कोणाला वाटेल. त्याला कारण आहे. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा माझ्या नणंदेचे घर बुडाले. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो. भांडी घासून निघाली, गाद्या टाकून नव्या आल्या. पण सासऱ्यांचा एकुलता एक फोटो आणि लग्नाचा आल्बम यांचा चिखल झाला होता. नणंदबाई फ्रिजसाठी रडल्या नाहीत, त्या फोटोसाठी रडल्या. अबालालांनी आपल्या हाताने पाण्याला दिले. येथे पाण्याने न विचारता नेले. पण नेले ते परत येणारे नव्हते, हे दोन्हीकडे सारखेच.

आणि तिसरी गोष्ट माझीच आहे. ती लपवून ठेवली तर हे लिहिणे खोटे होईल. माझ्या सासूबाईंचा रांगोळीचा हात सबंध आळीत नावाजलेला. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांनी ठिपक्यांच्या रांगोळ्या उतरून ठेवल्या होत्या. कासव, शंख, ज्ञानकमळ, तुळशीवृंदावन, कितीतरी. सुतळीने बांधलेला जाड गठ्ठा होता. त्या गेल्यावर घर आवरताना मीच तो वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत घातला. त्या वर्षी दिवाळीत दारात बसले आणि पुढचा ठिपका आठवेना, तेव्हा काय घालवले ते कळले. अबालालांची चित्रे दुःखापायी गेली, नणंदबाईंची पुरापायी गेली, आणि सासूबाईंची गेली ती माझ्या आवराआवरीपायी. या तिन्हींत माझाच दोष मोठा, कारण मला थांबता येत होते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळाच्या भगिनींना माझी एक विनंती आहे. प्रत्येकीच्या घरी आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचे काही ना काही असेलच. भरतकामाचा नमुना, ओव्यांची वही, रांगोळीचा कागद, जुना फोटो. ते या महिन्यात शोधून काढावे आणि त्याची एक प्रत करून मंडळाच्या कपाटात आणून ठेवावी. मूळ वस्तू आपल्याच घरी राहू द्यावी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांतल्या निवडक छापता येतील. छापलेल्या वस्तूचे एक बरे असते. एका घरात पाणी शिरले, एकीने रद्दीत घातली, तरी दुसरीकडे ती असते. माझ्या सासूबाईंच्या रांगोळ्यांपैकी ज्या कोणी उतरून घेतल्या असतील त्यांनी मला जरूर दाखवाव्यात. मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आपण नेहमी जातोच. परतीची एस. टी. पकडण्यापूर्वी तासभर काढून टाऊन हॉलमध्ये जाऊन यावे, आणि जमल्यास कोटितीर्थाच्या काठी पाच मिनिटे बसावे. अबालालांनी पाहिलेला उजेड अजून तेथल्या पाण्यावर रोज संध्याकाळी पडतो.